कोरड्या ओढ्यातला बंधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराची बातमी वाचली आणि फोटोही पाहिला. वनराई बंधाऱ्यावर ओळीने उभे असलेले स्वयंसेवक, हातात फलक, आणि खाली ओढा ठणठणीत कोरडा. मथळ्यात मात्र ‘पाणी अडवले’. फोटो निवडताना हे कुणालाच खटकले नाही?

मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने रुजवलेला, माती-वाळू भरलेल्या गोण्या रचून घातलेला हा बंधारा वाहते पाणी अडवण्यासाठी आहे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढ्याला धार असतानाच तो घालायचा. तेव्हा पाणी थांबून मुरते आणि लगतच्या विहिरींना रब्बीत आधार मिळतो. पर्जन्यछायेतले बहुतेक ओढे जानेवारीपर्यंत आटतात. त्यानंतर घातलेला बंधारा काहीच अडवत नाही, आणि पहिल्या पुरात गोण्यांसकट वाहून जातो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उन्हाने विरतात. जूनच्या आधी त्या काढल्या नाहीत तर प्लास्टिकचे तुकडे ओढाभर आणि शेतात पसरतात. ते काढायला महाविद्यालय येत नाही, कारण शिबिर संपलेले असते.

फोटोत गोण्या एकावर एक सरळ रचलेल्या दिसतात. सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवावे लागतात, नाहीतर पाणी त्या उभ्या फटीतूनच निघून जाते. गोणी पाऊणच भरायची, म्हणजे ती दबून शेजारच्या गोणीला चिकटते. ठासून भरलेली गोणी गोल राहते आणि फट सोडते. आधी पात्रातली वाळू-दगड घट्ट थरापर्यंत काढायचे, दोन्ही काठांत खाचा घेऊन बांध आत घुसवायचा, तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. पाणी ओसंडायला मध्यभाग थोडा खाली हवा. बंधारे बहुधा काठाशी फुटतात, मध्ये नाही.

परीक्षांमुळे शिबिर डिसेंबर-जानेवारीतच होते, हे मान्य. मग त्या सात दिवसांसाठी काम वेगळे निवडा. उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे, खणण्याचे काम पावसाळ्यापूर्वी कधीही करता येते. साठ सेंटीमीटर रुंद आणि तीस खोल चर घ्यायचा, माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. आखणी ए-फ्रेमने, म्हणजे ओळंबा टांगलेल्या ‘A’ आकाराच्या चौकटीने करायची. वापरण्याआधी चौकटीचे पाय अदलाबदल करून ओळंब्याच्या दोन खुणांमधला मध्य काढायचा. तो काढला नाही तर चौकटच चुकीची पातळी दाखवते. मग चराला एका टोकाकडे उतार येतो, पाणी तिकडे धावते आणि चर फुटतो. ही आखणी विद्यार्थ्यांच्या हाती द्या. दुपारच्या बौद्धिक सत्रात ‘व्यक्तिमत्त्व विकासा’वर तासभर भाषण ऐकून जे शिकता येत नाही, ते इथे शिकता येते: मोजणे, चुकले तर पुन्हा मोजणे, गावातल्या माणसाने ‘पाणी इकडून येतं’ म्हटल्यावर आखणी बदलणे.

दोन वर्षांत २४० तासांची सेवा अपेक्षित आहे. त्यातले थोडे तास जुलैत त्याच गावात का घालवू नयेत? चरात पाणी थांबले का, कुठे फुटले, याची नोंद ज्यांनी खणले त्यांनीच घ्यावी. १९६९ पासून चालत आलेल्या योजनेत समारोपानंतर गावाकडे फिरकायचेच नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. स्वतःचे काम टिकले की नाही हे न पाहता तरुण जबाबदारी कशी शिकणार?

जाता जाता रक्तदानाबद्दल. सगळी महाविद्यालये एकाच आठवड्यात शिबिरे घेतात. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत तुटवडा पडतो तेव्हा हे रक्त उपयोगाचे राहिलेले नसते. तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, आणि अठरा पूर्ण न झालेल्या अकरावी-बारावीच्या स्वयंसेवकांना रांगेत उभे करू नका. त्यांना नावनोंदणीचे काम द्या.

पुढच्या शिबिराची बातमी छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने दोन गोष्टी विचाराव्यात, अशी विनंती: ओढ्याला पाणी आहे का, आणि गेल्या वर्षीच्या कामाचे काय झाले.

कळावे,
एक माजी कार्यक्रम अधिकारी