बावीस मतांचा ओटा

चि. सौ. मंगलास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, मी नगरपालिकेला उभी राहतेय आणि मुद्दा एकच घेणार, सुरक्षितता." ऐकून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

पोलीस नगरपालिकेच्या हाताखाली नसतात, ते गृहखात्याचे. प्रचारात हे कुणी सांगत नाही. "गस्त वाढवते" म्हणून मतं मागशील तर पुढं पाच वर्षं ठाण्यात निवेदनं देत बसशील. आपल्या हातात दिवे, नाल्यांवरची झाकणं, बांधकाम परवानगी, अतिक्रमण आणि अग्निशमन. 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली, तिच्यातल्या 18 विषयांत अग्निशमन आहे, रस्त्यावरचे दिवेही आहेत. ती दुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली आणि त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं ओझं, सगळं अंगावर आलं. तेव्हापासून बांधकाम परवानगीचा कागद मला जिवाचा कागद वाटतो. आमच्या सभागृहात काहीजण त्याला मलईचा कागद म्हणायचे.

मी निवडून आले ती राखीव वॉर्डातून. तेव्हा बायकांना एक तृतीयांश जागा होत्या, 50 टक्के 2011 पासून झाल्या. लोक तुझ्या बाबांनाच नगरसेवक म्हणायचे, पहिल्या सर्वसाधारण सभेत तर मी तोंडही उघडलं नाही. मग एक शंभर पानी वही घेतली आणि वॉर्डातल्या सगळ्या खांबांचे नंबर उतरवले. जेवणं झाली की फिरायचं, कुठला दिवा बंद आहे ते टिपायचं. "त्या गल्लीत लाइट नाही" म्हटलं की साहेब मान डोलावतात. खांबाचा नंबर अन् दिवा बंद पडल्याची तारीख लिहून पोच घेतली की वायरमन येतोच. कॅमेऱ्यांचं म्हणशील तर बसवताना नारळ फोडायला सगळे येतात, देखभालीला पैसा कुठून येणार ते तेव्हाच विचार.

आता ओट्याचं सांगते. एका उन्हाळ्यात मागच्या गल्लीत कडब्याची गंजी पेटली. कुणीतरी तारेवर आकडा टाकला होता, त्याची ठिणगी पडली. बंब वेळेत आला, पण गल्लीच्या तोंडाशीच अडला. एक ओटा पुढं आलेला. पाइपाला पाइप जोडून पाणी पोचेपर्यंत दावणीच्या दोन म्हशी गेल्या. तो ओटा माझ्या मावसभावाचा. त्याच्याविरुद्धचा अर्ज महिनाभर आधी माझ्याकडं आला होता आणि मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला होता. त्याच्या घरात बावीस मतं होती. म्हशीवाली बाई मला एक शब्द बोलली नाही. अर्ज तिनंच दिलेला.

नंतर मी उभी राहून ओटा पाडायला लावला. भाऊ राखी बांधून घ्यायचा बंद झाला. पुढच्या खेपेला मी पडले, सतरा मतांनी. हिशेब तूच लाव.

शौचालय वापराचा दाखला आधी काढून ठेव, तेवढ्यावरून अर्ज बाद होतात. आणि अर्ज भरण्याआधी एकदा रात्री टेप घेऊन प्रभागातून पायी फिर. सुरुवात तुझ्या सासरच्या जिन्यापासून कर. तो रस्त्यात अडीच फूट आलाय, मी दिवाळीला आले तेव्हा मोजलाय. सासूबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

तुझी,
आई