बॉयकॉट हा कर्ता नव्हे, लक्ष्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपटापासून परदेशी मालापर्यंत कशावरही रोष प्रकट झाला, की मथळ्यांत ‘बॉयकॉट’ हा शब्द हमखास येतो. हे मुळात एक आडनाव आहे (आपल्याकडे ते क्रिकेटमुळे अधिक परिचित), पण विरोधाची ही रीत त्या माणसानेच सुरू केली, असा समज अनेकदा आढळतो. तो चुकीचा आहे.

चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदाराने १० टक्क्यांवर बोळवण केली आणि बॉयकॉटने थकबाकीदारांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेचे नेते पार्नेल यांनी, बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्याशी कोणी बोलूही नये, असे एनिसच्या सभेत सांगितले होते. मेयोच्या कुळांनी तोच उपाय कारभाऱ्यावर योजला. शेतमजूर आणि घरगडी काम सोडून गेले, लोहार व धोबीण फिरकेनात, दुकानदार सामान देईनात. अखेर पीक काढण्यासाठी उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून ५० माणसे आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य आणावे लागले. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १०,००० पौंड खर्ची पडल्याचे सांगतात. नोव्हेंबरअखेर बॉयकॉटने मेयो सोडले.

अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या सांगण्यानुसार, हा शब्द तेथील धर्मगुरू फादर ओ’मॅली यांनी सुचवला. इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द होताच. अथेन्सचे नागरिक खापरीवर नाव कोरून एखाद्याला हद्दपार करीत, त्यावरून तो आलेला. पण तो कुळांना उमगणार नाही, म्हणून समोरच्या माणसाचे नावच क्रियापद म्हणून वापरात आले.

म्हणजे मूळ अर्थ केवळ खरेदी टाळणे असा नव्हता. आपण ज्याला वाळीत टाकणे म्हणतो, तेच तेथे घडले. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की तेथे दुबळ्यांनी सत्ताधाऱ्याला एकटे पाडले, तर आपल्याकडे जातपंचायती दुबळ्या कुटुंबालाच वाळीत टाकत आल्या. वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ आला, तेव्हा त्या जुन्या शब्दाचा रोख प्रथमच राज्यकर्त्यांकडे वळला, असे मला वाटते.

म्हणूनच जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाचे पाणी तोडल्याच्या बातमीला ‘बॉयकॉट’ असा चटपटीत मथळा देऊ नये, ही विनंती. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे, आणि बातमीत त्याचा उल्लेख त्याच नावाने व्हावा.

आपला,
एक वाचक, पुणे