लातूरच्या सोलरवाल्या मामांना, तांब्याच्या मॅनिफोल्डबद्दल

रामकृष्ण हरी मामा,

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहायलोय. पोरीला म्हणावं सावकाश वाचून दाखव, काही गाळू नको.

तुम्ही बनवून दिलेला तांब्याच्या पाइपांचा मॅनिफोल्ड सोलापुरी चादरीत गुंडाळून इकडं टेक्सासला आणला, आता त्याच्यावर बीअर बनवणं अगदी नेहमीचं झालंय आणि एकदाही तो चोंदला नाही. इकडच्या मित्रांना दाखवला तर सगळे उलटा-सुलटा करून बघतात आणि विचारतात कुठून मागवला, मी सांगतो गंजगोलाईच्या मागं एक माणूस आहे.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट, ते जाडसर भरडून ६५ ते ६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचं, तेवढ्या वेळात त्यातल्या स्टार्चची साखर होते. हे ज्यात करायचं तो मॅश टन, माझ्याकडं तो म्हणजे साधा आइस बॉक्स, उष्णता धरून ठेवतो म्हणून. नंतर खालून गोड पाणी (ह्याचीच पुढं बीअर होते) हळूहळू काढायचं आणि वरून ७५-७६ डिग्रीचं पाणी सोडत राहायचं म्हणजे दाण्यात राहिलेली साखर धुऊन येते. बॉक्सच्या तळाला चिरा पाडलेल्या पाइपांचा जो सांगाडा असतो तो मॅनिफोल्ड. गाळायचं काम खरं तर जवाचं टरफलच करतं, पाइपनं फक्त चारी बाजूंनी सारखं ओढायचं, आणि सगळं अवघड ह्या 'सारखं'मध्येच आहे.

(घरी प्यायला बीअर बनवायची मोकळीक अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं मिळाली, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन लागतं, म्हणून लातुरात फक्त पाइप बनला, बाकी सगळं इकडं.)

तर मामा, तुम्ही गळ्यात माळ घातलेला माणूस, मी सुरुवातीलाच सांगितलं हे कशासाठी पाहिजे ते. तुम्ही जरा वेळ माझ्या चित्राच्या कागदाकडं बघितलं आणि म्हणलात, "हे तर हेडर-रायझरच आहे की." हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! सोलर वॉटर हीटरचं पॅनेल तुम्ही आयुष्यभर उघडलेलं, वरखाली दोन आडवे पाइप आणि मधी बारीक उभे, आपल्या बोअरच्या पाण्याच्या क्षारानं त्यातला एखादा चोंदला की पाणी बाकीच्यातून निघून जातं आणि तेवढा भाग नुसताच तापत बसतो. पाणी सोपी वाट धरतं, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते निळीचं. तुम्ही आइस बॉक्सच्या मापाचा टब आणला, पाइप तळाला मांडले, वर बारीक खडी भरली, पाणी सोडलं आणि प्रत्येक कोपऱ्यात निळीचे चार थेंब टाकून नळी बारीक उघडून उकिडवे बसलात. भिंतीकडची नीळ आधी आली. मग कडेचे दोन्ही पाइप आत सरकवले, परत नीळ, परत सरकवले, शेवटी असं ठरलं की दोन पाइपांत जेवढं अंतर तेवढ्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून ठेवायचं, कारण गुळगुळीत भिंतीला धरून पाणी दाण्याला न शिवताच खाली घसरतं. दुकानावर माणसं थांबली होती, तुम्ही हलला नाहीत.

आणि जोड! शिशाची झाळ तुम्ही हातातही घेतली नाही, "पोटात जायची वस्तू आहे" म्हणलात, बाहेर जाणारा एकच जोड बिनशिशाच्या फॉस-कॉपर रॉडनं पक्का केला आणि बाकीचे सगळे नुसते दाबून बसवले, म्हणजे सुटे करून आतून ब्रश फिरवता येतो. दाण्याच्या खाली जोड थोडा झिरपला तरी काय बिघडतंय, तेही पाणी आतच येणार. चिरा अर्ध्या इंचावर, पाइपच्या एक तृतीयांश खोल, हॅक्सॉनं, आणि प्रत्येक चिरेवरून कानस. तोंड खाली. तोंड वर ठेवलं तर तळाचं गोड पाणी तसंच राहणार आणि ते तुम्हाला सहन होईना, "लातूरच्या माणसानं पाणी तळाला तसंच सोडायचं का?" २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं बघितलंय तोच हे असं म्हणू शकतो.

शेवटी चिंच-मीठ लावून पाइप आतूनबाहेरून घासून दिले ते मी अजून तसंच करतो, धुतल्यावर लगेच पुसून कोरडे ठेवतो, हिरवट डाग म्हणून दिसत नाही.

मागच्या वेळी सगळं पाणी निघाल्यावर चारी कोपऱ्यांतला आणि मधला चोथा चिमूट चिमूट चावून बघितला, सगळीकडं सारखाच फिका. कुठंच गोडी राहिली नव्हती मामा. ही तुमच्या निळीची कमाई आहे, मला कितीदा तरी वाटलं की तुम्ही समोर पाहिजे होतात.

माझ्या एका मित्राला पण असाच पाहिजे, त्याचा डबा गोल आहे, आतला व्यास आणि नळाची उंची पोरीच्या नंबरवर पाठवतो. दिवाळीला येतोय. ह्या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, तांब्याचेच पैसे घेऊन मला परत पाठवलं तर मी मामींकडं तक्रार करणार.

तुमचा,
टेक्सासचा भाचा