विषय: भाड्याच्या व्हीपीएसवरचा (तुमच्या सर्व्हरच्या एका वाट्यावरचा) ५८ टक्के ‘स्टील टाइम’ आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर बुडालेल्या ऑर्डर

व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग यांस,

आज सकाळी तुमच्या सपोर्टशी पाचव्यांदा बोललो. सहाव्यांदा बोलणार नाही, म्हणून हे पत्र.

मी म्हापशात राहतो. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या आरासीचं, सामान वेबसाइटवर ऑर्डर घेऊन घरपोच देतो: नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन, रानातली फळं. सत्तरी तालुक्यातल्या बायका ती डोंगरातून गोळा करून आणतात. या धंद्याचे दिवस चवथीआधीचे तीनच. चौथ्या दिवशी त्या फळांना कोणी विचारत नाही.

त्याच तीन दिवसांत तुमचा चार कोअर, आठ जीबीचा व्हीपीएस गुदमरला. पान उघडायला वीस-वीस सेकंद लागत होते. तेवीस जणांचे पैसे यूपीआयने कापले गेले, पण त्यांची ऑर्डर आमच्याकडे नोंदलीच गेली नाही. त्या तेवीस घरांना मी स्वतः फोन करून माफी मागितली. तुमच्याकडून मला एकही फोन आला नाही.

सर्व्हरवर ‘टॉप’ (प्रोसेसरचा वापर दाखवणारी कमांड) लावून पाहिलं. माझा स्वतःचा वापर ३० टक्के आणि ‘एसटी’च्या, म्हणजे ‘स्टील टाइम’च्या, रकान्यात ५८. हा आकडा काय सांगतो ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या कामाला प्रोसेसर हवा होता, पण तुमच्या हायपरवायझरने (प्रोसेसर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो त्या वेळी त्याच मशीनवरच्या दुसऱ्या ग्राहकाला दिला होता आणि मी रांगेत उभा होतो. एरवी चाळीस सेकंदांत होणारा रोजचा रिपोर्ट त्या दिवशी नऊ मिनिटांनी आला. कोड तोच, डेटाही जवळपास तेवढाच. मेमरी अर्धी रिकामी होती, डिस्कची वाट पाहण्याचा आकडा एकच्या आत होता, म्हणजे अडचण तिथे नव्हती. हे सगळं स्क्रीनशॉटसकट तिकिटात (तुमच्याकडच्या लेखी तक्रारीत) पहिल्याच दिवशी टाकलं होतं.

त्यावर तुमच्या माणसाने फोनवर काय सांगितलं ते शब्दशः लिहितो, कारण कॉल रेकॉर्ड होतो असं तुमचीच टेप सांगते.

तो म्हणाला, “सर, तिकडे पाऊस आहे ना? तुमचं इंटरनेट स्लो असेल.”

मी सांगितलं, हा आकडा माझ्या घरच्या केबलचा नाही. सर्व्हर मुंबईत आहे आणि आकडा त्या सर्व्हरच्या आतला आहे. गोव्यात वीज गेली तरी तो बदलणार नाही.

मग म्हणाला, कॅशिंग प्लगइन टाका. मी म्हटलं, आहे. मग, आठ कोअरचा प्लॅन घ्या. मी विचारलं, तो दुसऱ्या मशीनवर मिळेल का? नाही, त्याच मशीनवर वाढवून देतो. म्हणजे आज चार कोअर रांगेत आहेत ते उद्या आठ होणार, आणि पैसे दुप्पट. एवढंच मी म्हटलं, तर उत्तर आलं, “सर, तुम्ही गोव्यात आहात, जरा रिलॅक्स करा ना.”

माझ्या दारात त्या वेळी सामानाच्या पाट्या घेऊन आलेल्या चार बायका बसल्या होत्या. त्या पहाटेच्या बसने आल्या होत्या. त्यांना मी काय सांगायचं होतं, रिलॅक्स करा? राज्याचं नाव ऐकून कोणी असं बोलावं, हे मला अजून सहन होत नाही.

व्हीपीएस म्हणजे एका यंत्राचे वाटे, शेजार असणारच, हे मला मान्य आहे. या दरात अख्खं मशीन मी मागत नाही. पण तुमच्या विक्रीच्या पानावर ‘डेडिकेटेड रिसोर्सेस’ असं ठळक लिहिलं आहे आणि सीपीयू सामायिक असल्याची ओळ अटींच्या तळाशी ‘फेअर यूज’मध्ये आहे. मेमरी राखीव आणि सीपीयू वाटून, असं सरळ लिहा. मग चवथीपुरतं काय घ्यायचं ते ग्राहक ठरवील. मला दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवर, हलवा, हे मी तिकिटात तीनदा लिहिलं. ‘अनमॅनेज्ड प्लॅन आहे’ म्हणून तिकीट बंद केलं. अनमॅनेज्ड म्हणजे माझं सॉफ्टवेअर मी सांभाळायचं. तुमच्या मशीनवर किती ग्राहक कोंबायचे, ते माझ्या हातात कसं असेल? आणि ५८ हा आकडा का आला, याचं उत्तर पाच फोनांत एकानेही दिलं नाही.

सहा वर्षं मी तुमचा ग्राहक आहे. म्हापशातल्या तीन दुकानदारांना मीच तुमच्याकडे पाठवलं. आता त्यांनाही हे पत्र दाखवणार आहे.

सात दिवसांत मला दुसऱ्या होस्टवर हलवा, या महिन्याचे पैसे परत करा आणि त्या तीन दिवसांत त्या मशीनवर काय चाललं होतं ते लेखी कळवा. नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. हा माझा एकट्याचा उदरनिर्वाहाचा स्वयंरोजगार आहे, त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी ग्राहकच ठरतो, असं माझं म्हणणं आहे. आणि मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यासाठी मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही. स्क्रीनशॉट, तिकिटं आणि त्या तेवीस व्यवहारांची यादी जोडली आहे.

– तुमचा ग्राहक, म्हापसा, गोवा