‘काकांना आता नाईट झेपत नाही, सर’

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऑफिसातल्या राजकारणावर एक लेख छापला होता. सहकारी बॉससमोर तुमचा पाणउतारा करत असेल तर त्याला कॉफीला घेऊन जा आणि मोकळेपणाने बोला, असं त्यात होतं. लेख वाईट नव्हता, पण वाचून आमच्या बसमध्ये तिघाचौघांना हसू आवरेना, कारण आमच्याकडे चहाच मुळी उभ्या उभ्या प्यायचा, तोही सात मिनिटांत, आणि ज्याच्याशी मोकळेपणाने बोलायचं तोच आधी चहाचा कप हातात आणून देतो आणि ‘घ्या काका’ म्हणतो. आता ह्याच्याशी काय बोलणार? म्हणून म्हटलं आपणच चार ओळी लिहाव्या, चारच्या जास्त झाल्यात, कापायचं असेल तर कापा.

मी चाकणला एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी सुपरवायझर आहे, २२ वर्षं झाली, आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलो ते आता इथवर. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि त्या माणसाचंही नाही, त्याचीही मुलं शाळेत आहेत. तो प्रॉडक्शनला शिफ्ट इनचार्ज, माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, डिप्लोमा झालेला, बोलायला एकदम गोड, कामाला पण वाईट नाही हे कबूल करतो. प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं तसंही सासू-सुनेचंच नातं, त्यांना नग मोजायचे असतात आणि आम्हाला नग थांबवायचे असतात, त्यामुळे भांडण हे होणारच, भांडणाचं मला काहीच वाटत नाही. लाईनवर आईवरून शिव्या देऊन संध्याकाळी एकाच गाडीवर वडापाव खाणारे आम्ही लोक. प्रश्न आहे तो सकाळच्या सव्वानऊच्या मीटिंगचा.

एक प्रसंग नीट सांगतो म्हणजे कळेल. आमच्याकडे एका पार्टला ३२ मिलिमीटरचा बोर, म्हणजे गोल भोक, असतो, वर जास्तीत जास्त २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतात, त्याच्या पुढे गेला की भंगार. बोर बारीक आला तर परत मारता येतो पण मोठा झालेला बोर काही केल्या लहान होत नाही. आता होतं काय, टूलचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेला की बोर हळूहळू बारीक यायला लागतो, मग ऑपरेटर मशीनला ऑफसेट, म्हणजे कापायच्या मापात थोडी वाढ, देऊन देऊन तो साईजमध्ये ठेवतो, आणि नवीन इन्सर्ट लावला की तो दिलेला ऑफसेट काढून टाकायचा असतो, नाहीतर नवं कोरं टूल जास्त कापतं. म्हणून नियम असा की इन्सर्ट बदलला की फर्स्ट पीस, म्हणजे त्यानंतरचा पहिला नग, क्वालिटीला दाखवायचा, ओके घ्यायचा, मगच मशीन पुढे चालवायचं. त्या रात्री ११:४० ला मी शिफ्ट रजिस्टरमध्ये लिहिलं होतं की बोर लोअर साईडला चाललाय, इन्सर्ट बदला, फर्स्ट पीस दाखवा. खाली सही. १ वाजता चेक केलं तेव्हा जुनाच इन्सर्ट होता, नग बॉर्डरवर पण ओके. १:१० ला इन्सर्ट बदलला, ऑफसेट तसाच राहिला आणि फर्स्ट पीस काही माझ्याकडे आला नाही, कारण त्या दिवशी टार्गेट मागे होतं आणि इनचार्ज साहेबांनी ‘चालव रे, मी बघतो’ म्हणून सांगितलेलं, हे मला नंतर ऑपरेटरनेच सांगितलं.

आता माझी चूक पण सांगतो. दर दोन तासांनी चेक करायचं असतं, ३ वाजताचा चेक माझ्याकडून राहिला, दुसऱ्या लाईनचा एक नग घेऊन स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे आमच्या मोजमापाच्या खोलीत, अडकलो होतो. ५ ला आलो, नो-गो गेज, म्हणजे बोर मोठा झाला तरच आत जाणारं माप, लावलं आणि ते अलगद आत गेलं. ज्याने हे काम केलंय त्याला कळेल त्या वेळी पोटात कसं होतं ते. नो-गो जायचंच नसतं, म्हणून तर त्याला नो-गो म्हणतात. मशीन बंद केलं, मोजले तर १५३ नग लाल बिनमध्ये. पण एकही नग कस्टमरकडे गेला नाही, आपल्याच दारात पकडला.

सकाळी नाईटवरून सुटल्यावर मला मीटिंगला थांबवलं. प्लांट हेड साहेबांनी विचारलं, क्या हुआ रात को. मी तोंड उघडायच्या आत हा माणूस अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘सर, क्वालिटीचा माणूस पूर्ण शिफ्ट लाईनवर होता, चार तास लक्षातच आलं नाही. पण सर काकांना काही बोलू नका, वय झालंय आता, नाईट झेपत नाही त्यांना.’ झालं. बघा, यात खोटा शब्द किती आहे? मी शिफ्टला होतो, खरं. चार तास लक्षात आलं नाही, खरं. वय ५१, तेही खरं. नुसता फर्स्ट पीस गायब आणि ११:४० ची नोंद गायब, आणि वरून माझ्यावर दया. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आपसे ये उम्मीद नहीं थी. पुढचा विषय सुरू. बाहेर आल्यावर हाच माणूस खांद्यावर हात ठेवून, ‘चला काका, चहा घेऊ, टेन्शन नका घेऊ.’

घरी हिने विचारलं, तिथल्या तिथं का नाही बोललात? आता काय सांगू. मीटिंग चालते हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत, मला लाईनवर हिंदी येतं, ऑपरेटर सगळे बिहार-यूपीचेच आहेत, पण बारा माणसांसमोर, रात्रभर जागून, प्रोजेक्टरच्या उजेडात ‘अॅक्च्युअली सर’ म्हणून सुरुवात करायला जी जीभ लागते ती माझ्याकडे नाही. त्याच्याकडे आहे. तुमच्या लेखात हे कुठंच नव्हतं, की पाणउतारा करणाऱ्याकडे बहुतेक वेळा फक्त भाषा आणि टायमिंग असतं, बाकी काही नसतं.

पुढच्या वेळी मी बोललो. बोललो म्हणजे ओरडलोच, टेबलावर हात आपटला. तो शांत बसून राहिला आणि साहेबांकडे बघून फक्त खांदे उडवले. महिनाभर सगळीकडे माझंच नाव, काका फार चिडतात म्हणून. म्हणजे जे कमावलेलं होतं ते पण गेलं.

लोक म्हणतात एचआरला जा. गेलो. मॅडम म्हणाल्या तुम्ही दोघं सीनियर आहात, आपसात मिटवून घ्या. त्यांचं पण बरोबर असेल, कारण बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, समिती आहे, आणि तो हवाच, पण चारचौघांत गोड बोलून माणसाला खाली दाखवणं याला आपल्याकडे वेगळा असा काही कायदा नाही. वीस किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती हवी असं कायदा म्हणतो, पण ती कामगारांची. सुपरवायझरचं काम करणारा आणि ठराविक रकमेच्या वर पगार घेणारा माणूस ‘कामगार’ धरला जात नाही, ही रक्कम आधी १०,००० होती, २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये, म्हणजे कामगार कायद्यात, १८,००० आहे. म्हणजे युनियन म्हणते तू मॅनेजमेंटचा, मॅनेजमेंट म्हणते तू मॅनेजर थोडाच आहेस. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठल्याही एमआयडीसीत जा, असे माझ्यासारखे त्रिशंकू ढिगाने सापडतील, पेपरात आमच्यावर कोणी लिहीत नाही, ना संपात आमचा फोटो येतो ना अॅवॉर्डमध्ये.

शेवटी उपाय सांगितला तो आमच्या बसमधल्या एका जुन्या माणसाने, तो दुसऱ्या कंपनीत आहे, रिटायरमेंटला आलेला. म्हणाला, तू तोंडाने भांडू नको, तिथे तो जिंकणार, तू पेनाने भांड. आणि वाईट बातमी मीटिंगमध्ये फुटू देऊ नको, तू स्वतः आधी जाऊन सांग. दिसायला साधं आहे पण मला करायला जड गेलं, आपल्याला वाटतं साहेबाच्या केबिनमध्ये जाणं म्हणजे पुढे पुढे करणं, चमचेगिरी. पण करायला लागलो. रात्री काही झालं की नऊच्या आत साहेबांच्या दारात, दोन वाक्यं, किती नग, किती वाजता, माझ्याकडून काय राहिलं ते पण. हे शेवटचं महत्त्वाचं, आपली चूक आपणच सांगून टाकली की समोरच्याच्या हातात उरतं काय? आणि लाईनवर तोंडी काही ठरलं की लगेच ग्रुपवर टाकायचं, ‘आत्ता बोलल्याप्रमाणे मशीन ४ चा इन्सर्ट बदलतोय, फर्स्ट पीसची वाट बघतोय’, टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही. सुरुवातीला तो हसायचा, काका आता टायपिस्ट झाले म्हणायचा. हसू दे.

एवढं करूनही त्या साहेबांच्या काळात विशेष फरक पडला नाही, हे खरं सांगतो, कारण त्यांना ऐकायला तेच आवडायचं. कान भरणारा तेव्हाच भरतो जेव्हा कुणीतरी कान पुढे करून बसलेलं असतं. दीड वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि नवीन साहेब आले. दुसऱ्याच आठवड्यात एक रिजेक्शन निघालं आणि आमच्या इनचार्ज भाऊंनी नेहमीची सुरुवात केली, ‘सर, मी तर यांना सांगितलं होतं.’ नवीन साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘किती वाजता सांगितलंत? कुठे लिहिलंय? रजिस्टर मागवा.’ एवढंच. आवाज चढवला नाही काही नाही. रजिस्टर येईपर्यंत तीनेक मिनिटं लागली असतील, त्या तीन मिनिटांत खोलीत एसीचा आवाज सोडला तर काही नव्हतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला पेनाचं टोपण काढताना-लावताना बघितलं. रजिस्टरमध्ये अर्थात काही नव्हतं.

मग साहेबांनी बोर्डवर का, का, का सुरू केलं. टोयोटा कंपनीतल्या तायची ओनो या जपानी साहेबांनी रुजवलेली ती पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत, आमच्या भिंतीवर तिचा तक्ता दहा वर्षांपासून लावलेला आहे, धूळ बसलेला. कस्टमरला रिपोर्ट पाठवताना आम्ही ती भरायचो, पण पाचव्या ‘का’ ला ठरलेलं उत्तर, ‘ऑपरेटर का लापरवाही, ट्रेनिंग दिया गया’. साहेब म्हणाले माणसाचं नाव हे उत्तरच नाही, नाव आलं की अजून एकदा ‘का’ विचारा. विचारत गेल्यावर निघालं की मशीनपासून स्टँडर्ड रूम शंभर पावलांवर आहे, रात्री एकटा ऑपरेटर फर्स्ट पीस घेऊन येणार कसा, मशीन सोडता येत नाही. आता लाईनवरच एअर गेज, म्हणजे हवेच्या दाबावर बोर मोजणारं यंत्र, आणि एक टेबल लावलंय. खर्च फार नाही झाला. तो माणूस काही बदलला नाही, अजूनही मला काकाच म्हणतो, पण मीटिंगमध्ये त्याच्या मालाला आता गिऱ्हाईक नाही.

आणि एक गोष्ट लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं, लिहूनच टाकतो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे लातूरकडचा एक ट्रेनी पोरगा होता माझ्या हाताखाली. एका ऑडिटमध्ये एका गेजची कॅलिब्रेशनची, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासायची, तारीख उलटून गेलेली निघाली, ती बघणं माझं काम होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हणालो, ‘नवीन मुलगा आहे सर, शिकतोय अजून.’ अगदी मऊ आवाजात. पोराने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं, बोलला काही नाही, त्याला तरी कुठे ‘अॅक्च्युअली सर’ येत होतं. दोन महिन्यांनी तो सोडून गेला, त्याच कारणाने गेला असं नाही म्हणत, पगार पण कमीच होता. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे. लावलेला नाही.

तर पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा कॉफीचा सल्ला ठेवा हवा तर, पण अर्धा लेख साहेब लोकांसाठी पण लिहायला सांगा, कारण हे सगळं त्यांच्या टेबलावर घडतं.

पत्र छापलंत तर कृपया नाव देऊ नका, नुसतं ‘एक वाचक, चाकण’ असं टाका. आणि जमलं तर गुरुवारी छापा, त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते. बाकीच्या दिवशी तुमचा पेपर सकाळी कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटपासून पुढपर्यंत फिरतो, आणि तो माझ्या दोन सीट पुढेच बसतो.

आपला,
एक वाचक, चाकण