शेवेच्या पुड्याखाली

रामबाग, इंदूर
रात्रीचे पावणेदोन

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला लवंग शेवेच्या पुड्याखाली सापडेल, म्हणजे हिमाचलातल्या स्पितीत, काझा येईपर्यंत सापडायचं नाही. शेव डोंगरात गेल्यावरच फोडायची, असं आईने बजावलंय ना. फोडण्याआधी पुड्याकडे जरा बघ. इथे चपटा पडलाय, तिथे उशीसारखा टम्म फुगलेला असेल. आतली हवा इंदूरची, बाहेरची काझाची. एकतीस वर्षं वायुदाब शिकवला, पण इतकं चविष्ट उदाहरण कधी हाताशी नव्हतं.

जेवताना ताट सरकवून उठलो, ते चुकलंच. मनालीवरून एकदम चढण्यापेक्षा सिमला, कल्पा, टाबो असं हळूहळू वर जायचं, हे तू आधीच ठरवलं होतंस आणि मी तुझा कागद न बघताच आवाज चढवला. टाबोला मात्र घाई करू नका. तो मठ ९९६ सालचा आहे, तुमच्यासाठी अर्धा दिवस थांबायला त्याची हरकत नसावी.

पण काझाला एकच रात्र, हे मला अजून पटलेलं नाही. काझा ३,६०० मीटरच्या वर, तुमचं पुढचं गाव लांग्झा ४,४०० च्या आसपास. तीन हजारांच्या पुढे रात्रीचा मुक्काम दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये म्हणतात. आपला राजवाडा साडेपाचशेवर आहे गं. जाऊ दे. हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो.

डोकं दुखलं तर सांग, एवढंच.

तुला चौरागढ आठवतं? तू नऊ वर्षांची. पचमढीला आत्याकडची सगळी मंडळी, आजी खाली बाकावर, आणि तू ती निळी टोपी घालून तेराशे पायऱ्या आमच्या पुढे. वर त्रिशुळांचा तो ढीग बघून टाळ्यासुद्धा पिटल्यास. उतरताना तुझा हात धरला तर तव्यासारखा. सकाळपासून ताप होता तुला. सांगितलं असतं तर आजीने सगळ्यांनाच परत फिरवलं असतं, म्हणून गप्प राहिलीस.

आणि मी काय केलं? पुढची पंधरा वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत सुटलो. ‘आमची ठमी अंगात ताप घेऊन चौरागढ चढली!’ तू दारामागे उभी राहून ऐकायचीस, ते मला दिसायचं. तुझी ती बारावीची परीक्षा, मग पुण्यातलं ते प्रकरण, दोन्ही वेळा आम्हाला सगळं झाल्यावर कळलं. आई म्हणते मुलगी तुमच्यावर गेली. माझ्यावर गेली नाही. मीच तिला शाबासकी देऊन देऊन तसं केलं.

तिथे हा गुण नडतो, ठमे. कोमिकला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, एकवीस टक्के, पण प्रत्येक श्वासात वाट्याला येतो कमी. डोकं ठणकणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोप न लागणं ही सुरुवात. तेव्हा आणखी चढायचं नाही. आणि बसल्या जागी धाप लागली किंवा पाऊल वाकडं पडायला लागलं, तर सकाळची वाट न बघता रात्री असलं तरी खाली उतरायचं. दुखण्यावरची गोळी घेऊन ‘आता बरं वाटतंय’ म्हणत पुढे निघायचं नाही. कोमिक ते डेमुल हा तुमचा लांबचा टप्पा, मधे कुठे

बघ, पुन्हा वर्ग घ्यायला लागलो. माफ कर. हे सगळं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. डेमुलला पाहुणे कोणाच्या घरी उतरायचे हे गावकरी पाळीपाळीने ठरवतात, हेसुद्धा मला तूच सांगितलंस. घरच्या म्हाताऱ्या बाईजवळ चुलीपाशी बस. तिथे पाणी पंच्याऐंशी अंशांनाच उकळतं, तेव्हा डाळ उशिरा शिजली तर तोंड वाकडं करू नकोस. भात कच्चा लागला तरी खा.

लांग्झाच्या शिवारात शंखासारखे वळसे असलेले दगड मिळतात. तिथे कधीकाळी समुद्र होता, त्यातले जीव ते. आजीचा देवघरातला शाळिग्रामही त्याच कुळातला, तो गंडकीतून आलेला. डोळे भरून बघ, हातात घे, पण पिशवीत घालू नकोस. आपल्याकडे एक आहे, पुरे.

खरं सांगू? चार दिवसांपूर्वी तू दिवाणखान्यात पाठीवर सॅक चढवून बूट घालून फेऱ्या मारत होतीस, तेव्हा मी पेपर वाचत नव्हतो. धनकरपर्यंत पाच गावं पायी, पैसे स्वतःचे, आखणी स्वतःची. माझ्या सव्विसाव्या वर्षी मी उज्जैनलासुद्धा नानांना विचारून जायचो. पार्कात सांगून झालंय सगळ्यांना. नेमकं तेच करायचं नव्हतं मला, पण सांगून झालंय.

मफलर आईनेच घातलाय आत. काढू नकोस, तिला कळतं.

लांग्झाहून कोमिकला जाताना हिक्कीम लागेल. तिथलं ते उंचावरचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे, टपाल पायी काझाला उतरवतात. सॅकच्या वरच्या कप्प्यात पत्ता घातलेलं कार्ड ठेवलंय. त्यावर ‘मजेत आहे’ लिहू नकोस. डोकं दुखलं की नाही, आणि दुखलं तर कोणाला सांगितलंस, तेवढं लिही. कार्ड इथे पोचेपर्यंत तू घरी येऊन पोहे खात असशील, ठाऊक आहे मला. तरी टाक.

बाबा