तुझ्या नाकाची गोष्ट

जळगाव,
रविवार

प्रिय बंड्या,

फोटो पोचला आणि खालची ओळही वाचली: "वऱ्हाडापुढे तोंड दाखवायचंय, तू लावतोस त्या क्रीमचं नाव पाठव." बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर आलं तेव्हा तुला चेहरा आठवला होय! नाव मी पाठवणार नाही. शिव्या दे, पण पुढचं वाच.

इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि हवा अशी, की वाळत घातलेला टॉवेल चहा होईस्तोवर पापडासारखा कडक. त्यात माझी कातडी जन्माची कोरडी. तोंड धुतलं की ओढल्यासारखं होतं, थंडीत नडगीवर नखाने रेघ मारली तर खडूसारखी उमटते. म्हणून मला तुपासारखं घट्ट क्रीम लागतं. तेच तू रत्नागिरीच्या घामात थापलंस तर वऱ्हाड तुझ्या कपाळावरच्या पुटकुळ्या मोजत बसेल.

"पण माझीही कोरडीच आहे, नाकाशी पापुद्रे निघतात," असं म्हणशील. मी फोटो मोठा करून पाहिला. पापुद्रे नाकपुडीच्या खाचेत, भुवयांत आणि मिशीच्या मुळाशी आहेत, पिवळसर आहेत आणि खाली लाली आहे. नाकाचा शेंडा मात्र देवघरातल्या समईसारखा चकाकतोय. लेका, हा कोरडेपणा नव्हे, मला तरी हा डोक्यातला कोंडा खाली उतरलेला दिसतो. डॉक्टर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. कातडीवरच्या तेलावर जगणारी एक बुरशी सगळ्यांच्याच अंगावर असते, काहींना तिचा त्रास होतो. आणि तू रोज रात्री घरच्या घाण्याचं खोबरेल चोळून तिला पंगत वाढतोस! ते आजपासून बंद. ही बुरशी मारणारा केटोकोनाझोलचा कोंड्याचा शॅम्पू मिळतो, त्याचा फेस आठवड्यातून दोनदा भुवयांना आणि दाढीमिशीला लाव, दोन-तीन मिनिटं ठेव, धुऊन टाक. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. महिन्याभरात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. खरं तर आधीच दाखवलंस तर उत्तम, मी काही डॉक्टर नाही.

तुझी कातडी नक्की कुठली ते तुला घरीच कळेल. येत्या रविवारी सकाळी साध्या फेसवॉशने तोंड धू आणि तासभर काहीही लावू नकोस. पंख्याखाली बस, घाम नको. मग टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर वेगवेगळे दाबून उजेडात धर. भजी बांधून दिलेल्या कागदासारखा पारदर्शक डाग सगळीकडे पडला तर तेलकट, कुठेच नाही आणि गाल ताणलेले तर कोरडी. माझी पैज अशी, की तुझा डाग फक्त मधल्या पट्ट्यात पडणार. म्हणजे मिश्र. कपाळ-नाकावर तेलाच्या ग्रंथी जास्त असतात, आणि आपल्या पुरुषी हार्मोनमुळे त्या बायकांपेक्षा जास्तच तेल ओततात. काही जणांना काहीही लावलं तरी झोंबतं आणि लाल होतं, ती नाजूक कातडी. ती कोरडीही असू शकते, तेलकटही. तशांनी नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी.

पैज जिंकलो तर तुझं काम थोडकं आहे. अंगाचा साबण तोंडाला नको, तो अल्कधर्मी असतो आणि कातडी किंचित आम्लधर्मी. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, पाच वेळा नव्हे. गालांना पातळ मॉइश्चरायझर, तेही तोंड ओलसर असतानाच. बाईकवरून हिंडतोस तर जेलचं सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वरचं, दोन बोटांवर रेघ ओढशील तेवढं. तू मटारएवढं लावून मोकळा होशील, माहीत आहे मला.

मानेवरच्या पुळ्या हे वेगळंच प्रकरण आहे. तुझे दाढीचे केस कुरळे. केसांच्या उलट दिशेने खरवडून दाढी केलीस की कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसतं. त्या फोडू नकोस. मानेवर केस कुठल्या दिशेने वाढतात ते बोट फिरवून बघ (माझे चक्क आडवे वाढतात), आंघोळीनंतर केस मऊ असताना त्याच दिशेने वस्तरा फिरव, कातडी ताणू नकोस. थोडे खुंट राहिले तर राहू देत.

आता मी नाव का देत नाही ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या गालावर लाल चट्टा आला होता. औषधाच्या दुकानातल्या पोराने न विचारता एक ट्यूब पुढे केली, "सगळे हेच नेतात." चार दिवसांत चट्टा गायब, वर गालही उजळ! मग मी ती रोज फासली, चार महिने. संपली तेव्हा आणली नाही, आणि आठवड्यात तोंड असं पेटलं, की गार पाणीही तिखटासारखं लागायचं. गालावर लाल शिरांची जाळी दिसायला लागली. डॉक्टर बाईंनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरांवर नखाची खूण केली: क्लोबेटासोल. तीव्र स्टेरॉइड, चेहऱ्यावर मनाने लावायचं नाही असं. २०१८ मध्ये सरकारने असल्या बऱ्याच मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी मला मात्र मागितल्याशिवाय मिळालं होतं. तोंड ताळ्यावर यायला नऊ महिने गेले. त्या काळातले घरचे फोटो बघ, सगळ्यांत मी मागच्या रांगेत आहे. तुझ्या घरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं कुठलंही स्टेरॉइड लिहिलेली ट्यूब असली आणि तू ती बरेच दिवस वापरत असलास, तर एकदम सोडूही नकोस. आधी डॉक्टरांना विचार.

आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात सलूनमध्ये ब्लीच-फेशियल करायला बसशील तर मी जेवायला येणार नाही.

टिश्यूवर काय उमटलं ते रविवारी कळव. फोटो नको, तुझं नाक इतक्या जवळून एकदा पाहिलं तेवढं पुरे.

वहिनींना नमस्कार, काकूंना दंडवत.

तुझाच,
सुऱ्या

ता. क. पुटकुळ्यांसाठी कुणी बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल दिली तर टॉवेल पांढरा वापर, ती कापडाचा रंग उडवते. माझ्यामुळे आमच्या नव्या निळ्या अभ्र्यांवर ढग उमटलेत आणि त्याचा हिशेब अजून रोज होतो.